कानाची परीक्षा आणि हाताची परीक्षा

अहिल्यानगर शहरातून दौंडच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की थोड्याच अंतरावर अरणगाव लागते. गावाजवळच्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. हा परिसर मेहेराबाद या नावाने ओळखला जातो. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी येथे मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी त्यांचा अंत होईपर्यंत ते पाळले. त्यांच्या समाधीच्या दर्शनाला १९७२ साली एक इंग्रज गिटारवादक आला होता. त्याचे नाव पीट टाउनशेंड. 'द हू' या त्याच्या वाद्यवृंदाची ख्याती मात्र मौनाच्या अगदी उलट होती. ३१ मे १९७६ रोजी लंडनमध्ये चार्ल्टन येथील मैदानावर झालेल्या त्यांच्या कार्यक्रमात स्पीकरपासून ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबेल आवाज मोजला गेला आणि गिनीजच्या विक्रमांच्या पुस्तकात त्याची नोंद झाली.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या आजच्या विषयाचा आणि टाउनशेंडचा जवळचा संबंध आहे. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. तेथे १९६२ च्या सुमारास त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गिटारसाठी अॅम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली. टाउनशेंडला अधिक मोठा आवाज हवा होता. त्याच्यासारख्या वादकांच्या मागणीमुळे १९६५ साली मार्शल यांचा १०० वॅटचा अॅम्प्लिफायर तयार झाला. पुढे जगभरच्या गिटारवादकांना त्याच्या आवाजाची गोडी लागली.

आज मात्र तो भलामोठा अॅम्प्लिफायर विकत न घेताही तसा आवाज काढता येतो. जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत एक छोटा संगणक बसवलेला असतो. गिटारची वायर तिला जोडली की जुन्या अॅम्प्लिफायरसारखा आवाज हेडफोनमध्ये ऐकू येतो. या पेटीला मॉडेलर म्हणतात. रोलँड या जपानी कंपनीने १९९५ मध्ये आणि लाइन सिक्स या अमेरिकी कंपनीने १९९६ व १९९८ मध्ये काढलेल्या यंत्रांपासून त्यांचा प्रसार झाला. आज ते अनेक प्रकारचे आहेत. वादकांमध्ये त्यांवरून वादही अनेक चालतात. एक म्हणतो, "आवाज हुबेहूब आहे." दुसरा म्हणतो, "आवाज असेल, पण हाताला ते लागत नाही." यांतले खरे काय? आणि खरेखोटे ठरवायचे तरी कसे? ते आपण पाहू.

अॅम्प्लिफायर नुसता आवाज मोठा करतो का?

पाठ्यपुस्तकात आपण शिकतो की अॅम्प्लिफायर म्हणजे लहान विद्युत-संकेत मोठा करणारे साधन. गिटारच्या तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात अगदी क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. अॅम्प्लिफायर तो वाढवून स्पीकरला देतो. येथपर्यंत सोपे आहे.

पण जुन्या अॅम्प्लिफायरमध्ये काचेच्या निर्वात नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, असत. त्यांची क्षमता मर्यादित असते. संकेत लहान असेल तर व्हॉल्व्ह इमानेइतबारे तो तसाच मोठा करतो. संकेत वाढत गेला की लाटेचा माथा व्हॉल्व्हच्या मर्यादेला जाऊन टेकतो आणि दबतो. आलेखाच्या कागदावर एक साइन लाट काढा आणि तिचे माथे व तळ थोडे दाबून गोलसर सपाट करा. व्हॉल्व्हमधून बाहेर पडणारी लाट साधारण तशी दिसते.

आता गंमत पाहा. लाटेचा आकार बदलला म्हणजे तिच्यात नवे स्वर आले. ते कोणते, हे त्रिकोणमिती सांगते. समजा, आत जाणारी लाट 'साइन क' आहे आणि बाहेर पडताना तिच्यात तिच्या वर्गाचा थोडा अंश मिसळला. आपल्याला माहीत आहे की

(साइन क)² = १/२ − १/२ कोसाइन २क

उजव्या बाजूला '२क' आले. म्हणजे मूळ वारंवारतेच्या दुपटीचा एक नवा स्वर जन्माला आला. वर्गाऐवजी घन मिसळला तर

(साइन क)³ = ३/४ साइन क − १/४ साइन ३क

येथे तिपटीचा स्वर आला. दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेच्या अशा स्वरांना उपस्वर म्हणतात. माथा आणि तळ सारखेच दबले तर विषम पटींचे उपस्वर वाढतात. कमीजास्त दबले तर सम पटींचेही येतात. व्हॉल्व्हचा 'रंग' तो हाच.

दोन स्वर एकदम वाजवले तर आणखी मौज होते. त्यांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकू येऊ लागते. सा २०० हर्ट्झ आणि प ३०० हर्ट्झ धरा. वजाबाकी १०० हर्ट्झ, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. बेरीज ५०० हर्ट्झ, म्हणजे वरच्या सप्तकातला ग. दोन्ही सुरेल! म्हणूनच हे गिटारवादक सा आणि प ही जोडी जोरात छेडतात. आता सा २०० आणि ग २५० घ्या. त्यांची बेरीज ४५० हर्ट्झ, म्हणजे वरचा रे. तो वरच्या सा व ग यांच्या मध्ये घुसतो आणि आवाज गढूळ होतो.

हे आपल्याला परके नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर तार किंचित वक्र पृष्ठभागाला घासत कंप पावते आणि त्यातून जवारी निघते. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुपटीचा उपस्वर निघू नये, असा साध्या तारेचा नियम आहे. पण तानपुऱ्यात आणि वीणेत हा नियम पाळला जात नाही, घोडीच्या रचनेमुळे तेथे असे उपस्वरही उमटतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. जवारीचे काम घोडी करते, तर गिटारच्या अॅम्प्लिफायरात असेच काम व्हॉल्व्ह करतो. त्यामुळे गिटारचा अॅम्प्लिफायर हा आवाज मोठा करणारा नोकर नसून वाद्याचाच अर्धा भाग आहे, असे समजा.

संगणक नक्कल कशी करतो?

अॅम्प्लिफायरचे दोन भाग करू. एक व्हॉल्व्हचा आणि दुसरा स्पीकरच्या पेटीचा. पेटीची नक्कल करणे त्यातल्या त्यात सोपे. एखाद्या खोल बारवेच्या काठावर उभे राहून टाळी वाजवा. बारव त्या टाळीला जे उत्तर देते, त्यात तिचा सगळा स्वभाव उतरलेला असतो. ते उत्तर नोंदून ठेवले तर तेथे बासरी वाजवल्यास ती कशी ऐकू येईल, हे घरी बसून गणिताने काढता येते. कारण बारव दुप्पट मोठ्या टाळीला दुप्पट मोठेच उत्तर देते. स्वभाव बदलत नाही. स्पीकरच्या पेटीचेही बहुतांशी असेच आहे.

या गणिताचा आकार पाहा. मॉडेलर एका सेकंदात गिटारच्या संकेताची ४८,००० मोजमापे घेतो. पेटीचे उत्तर २,०४८ मोजमापांत साठवले असेल तर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक आकड्यासाठी २,०४८ गुणाकार करावे लागतात. म्हणजे सरळ पद्धतीने सेकंदाला ९,८३,०४,००० गुणाकार!

व्हॉल्व्हचे असे नाही. मोठ्या टाळीला तो वेगळे उत्तर देतो, लहान टाळीला वेगळे. त्यामुळे एका टाळीत त्याचा स्वभाव सापडत नाही. यावर दोन मार्ग निघाले. पहिल्यात अॅम्प्लिफायरचा नकाशा समोर ठेवून प्रत्येक व्हॉल्व्ह, रोधक, धारित्र यांची समीकरणे संगणक क्षणोक्षणी सोडवतो. दुसऱ्यात खऱ्या अॅम्प्लिफायरला निरनिराळे चाचणी-संकेत देऊन तो काय उत्तर देतो ते संगणक शिकतो. केंपर या जर्मन यंत्राने २०११ साली ही पद्धत लोकप्रिय केली. आता त्यासाठी कृत्रिम चेताजाळीही वापरतात.

दोन्हींचे गुणदोष वेगळे आहेत. पहिल्यात बटणे फिरवली तरी नक्कल त्याबरोबर बदलते; पण नकाशातले एखादे बारीक वैशिष्ट्य समीकरणात आले नाही तर ते हरवते. दुसरी पद्धत छायाचित्रासारखी आहे. छायाचित्र अगदी हुबेहूब येते, पण ते बटणांच्या त्याच एका स्थितीचे असते. बटण फिरवले की पुढचा केवळ अंदाज.

आणखी एक अडचण आहे. चित्रपटात धावत्या बैलगाडीचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते ना? कॅमेरा ठरावीक वेळानेच चित्र घेतो म्हणून हा भास होतो. ध्वनीतही तसेच घडते. सेकंदाला ४८,००० मोजमापे घेतली तर २४,००० हर्ट्झपर्यंतचेच स्वर नीट मांडता येतात. समजा, ५,००० हर्ट्झच्या स्वराचा सातव्या पटीचा उपस्वर तयार झाला. तो ३५,००० हर्ट्झचा. तो मर्यादेबाहेर जात असल्याने उलटा वळतो आणि ४८,००० − ३५,००० = १३,००० हर्ट्झ म्हणून ऐकू येतो. १३,००० ही ५,००० ची पूर्ण पट नव्हे. म्हणून तो बेसूर लागतो. यावर उपाय म्हणून चांगले मॉडेलर आतल्या आत मोजमापांची संख्या कित्येक पटींनी वाढवून गणित करतात. स्वस्त यंत्रात ही काटकसर केली असेल तर वरच्या पट्टीत किरकिर ऐकू येते.

'हाताला लागणे' म्हणजे काय?

आता दुसऱ्या वादकाचे म्हणणे तपासू. 'हाताला लागणे' हा काही गूढ प्रकार नाही. त्याचे निदान तीन भाग मोजता येतात.

पहिला भाग दाबाला मिळणारे उत्तर. वादकाने तार हळू छेडली तर आवाज स्वच्छ आणि जोरात छेडली तर भरड, असे व्हायला हवे. शिवाय अनेक जुन्या अॅम्प्लिफायरांत जोराचा आघात झाला की वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर उतरतो आणि मग सावरतो. त्यामुळे स्वर आधी किंचित दबतो आणि नंतर फुलतो. भाता चालवताना पेटीवाल्याच्या हाताला जशी हवेची लवचीकता जाणवते, तसेच हे. नक्कल करताना हा उतार-चढाव सोडून दिला तर स्वर बरोबर असूनही वादकाला तो लाकडासारखा वाटतो.

दुसरा भाग विलंब. संकेताचे आकडे करणे, गणित आणि आकड्यांचा पुन्हा संकेत करणे यात वेळ जातो. चांगल्या मॉडेलरमध्ये तो साधारण २ ते ५ मिलिसेकंद असतो. हा फार आहे का? ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. अॅम्प्लिफायरपासून साडेतीन मीटरवर उभ्या असलेल्या वादकाला प्रत्येक स्वर १० मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो आणि त्याची कोणी तक्रार करत नाही! तेव्हा हेडफोन लावून ५ मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे अॅम्प्लिफायरपासून पावणेदोन मीटरवर उभे राहणे. मात्र बिनतारी ब्लूटूथ हेडफोन जोडला तर विलंब बहुधा १०० मिलिसेकंदांच्याही पुढे जातो आणि वादन अशक्य होते. दोष तेव्हा मॉडेलरचा नसतो.

तिसरा भाग हवेतून परत येणारा आवाज. मोठा अॅम्प्लिफायर शेजारी असला की त्याचा आवाज गिटारच्या तारांवर आदळून त्यांना पुन्हा हलवतो. स्वर त्यामुळे लांबतो, कधी गरजू लागतो. टाउनशेंडने या गर्जनेचाच वाद्यासारखा उपयोग केला. हेडफोनमध्ये हे घडत नाही, कारण हेडफोनचा आवाज तारांपर्यंत पोचतच नाही. येथे नक्कल कमी पडत नाही. परिस्थितीच वेगळी आहे.

न्याय्य तुलना कशी करावी?

बहुतेक वाद येथेच फसतात. पुढील चार अटी पाळल्याशिवाय केलेली तुलना विश्वास ठेवण्याजोगी नसते.

एक, दोन्ही आवाज सारखेच मोठे हवेत. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवले की आवाज लहान केला तर खर्जातले स्वर कानाला अधिकच कमी ऐकू येतात. त्यामुळे किंचित मोठा आवाज आपल्याला 'अधिक भरदार' वाटतो आणि आपण त्यालाच चांगला म्हणतो.

दोन, सारख्याची सारख्याशी तुलना हवी. मॉडेलरमधली स्पीकरची नोंद मायक्रोफोनने घेतलेली असते. म्हणून त्याची तुलना खोलीत घुमणाऱ्या अॅम्प्लिफायरशी न करता मायक्रोफोनने ध्वनिमुद्रित केलेल्या अॅम्प्लिफायरशी केली पाहिजे.

तीन, वादन तेच हवे. कोणताही वादक एकच तुकडा दोनदा तंतोतंत सारखा वाजवू शकत नाही. म्हणून गिटारचा मूळ संकेत एकदाच नोंदवून तोच दोन्हींतून सोडावा.

चार, ऐकणाऱ्याला कोणता आवाज कशाचा हे माहीत नसावे. नाव, किंमत, दिवे, लाकडी पेटी यांचा मनावर परिणाम होतोच. क्रम ठरवण्यासाठी नाणे उडवावे.

समजा, या रीतीने १० वेळा परीक्षा घेतली. ऐकणाऱ्याने नुसते अंदाजाने सांगितले तरी साधारण ५ उत्तरे बरोबर येतील. दहाच्या दहा उत्तरे अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये १. नऊ किंवा अधिक येण्याची १,०२४ मध्ये ११. पण आठ किंवा अधिक येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ५६, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के आहे. म्हणून आठ उत्तरे बरोबर आली तर लगेच जिंकल्याची आरोळी ठोकू नका. परीक्षा पुन्हा घ्या.

पण तिसरी अट पुन्हा एकदा वाचा. संकेत आधीच नोंदवून ठेवला म्हणजे वादकाचा हात परीक्षेतून बाहेर गेला! ऐकण्याची परीक्षा न्याय्य करण्यासाठी आपण जे केले, त्यानेच 'हाताला लागणे' पुसून टाकले. वाजवताना वादक ऐकतो, ऐकून हाताचा दाब बदलतो आणि पुन्हा ऐकतो. हे चक्र ध्वनिमुद्रणात नसते. म्हणून श्रोत्याला फरक कळला नाही एवढ्यावरून वादकाला तो जाणवणार नाही असे सिद्ध होत नाही. आणि वादकाला जाणवला म्हणून श्रोत्याला तो ऐकू येईल असेही नाही. वरच्या वादातले दोघे वादक एकाच वेळी बरोबर असू शकतात. दोन प्रश्न वेगळे आहेत, तेव्हा परीक्षाही दोन हव्यात. हाताच्या परीक्षेत वादकाने स्वतः वाजवावे, यंत्रे पडद्याआड असावीत आणि आवाज सारखा ठेवावा.

ही तुलना महत्त्वाची का?

व्हॉल्व्हचा तो आवडता आवाज बहुतेकदा अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात लावल्यावरच निघतो. त्याची किंमत कान मोजतो. ८५ डेसिबेल आवाजात ८ तास ही कामाच्या ठिकाणची एक सुरक्षित मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा करावा लागतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, असे करत १०० डेसिबेलला उरतात फक्त १५ मिनिटे. आतल्या कानातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की माणसाला त्या परत येत नाहीत. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीसमोर नाचणाऱ्यांनाही हेच गणित लागू आहे.

मॉडेलरने 'रंग' आणि 'मोठेपणा' यांची फारकत केली, हा त्याचा खरा उपकार. आता भरड स्वर हलक्या आवाजातही मिळतो. पण सावध राहा. टाउनशेंडने आपल्या कानांना झालेल्या इजेबद्दल जाहीरपणे सांगितले आहे आणि तिचा दोष त्याने रंगमंचापेक्षा स्टुडिओतल्या हेडफोनला अधिक दिला आहे. हेडफोन लहान असतो म्हणून तो निरुपद्रवी नसतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मार्शल यांचा पहिला अॅम्प्लिफायर हीदेखील नक्कलच होती. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या 'बेसमन' नावाच्या अॅम्प्लिफायरचा नकाशा त्यांनी घेतला होता. भाग मात्र इंग्लंडमध्ये मिळणारे वापरले, स्पीकर वेगळे लावले. आवाज मुळापेक्षा निराळा आला आणि तोच लोकांना आवडला. त्यामुळे 'मुळासारखे आहे का' याबरोबरच 'कामाचे आहे का' हेही विचारावे.

करून पाहा

१. तानपुऱ्याचा आणि मोबाईलवरच्या तानपुऱ्याचा आवाज एकाच पट्टीत, एकाच मोबाईलवर, एकाच अंतरावरून मुद्रित करा. दोन्ही सारखेच मोठे करा. नाणे उडवून क्रम ठरवा आणि वर्गातल्या प्रत्येकाची १० वेळा परीक्षा घ्या. किती जण ९ किंवा अधिक गुण मिळवतात?

२. शाळेच्या मैदानावर दोघांनी २ मीटर अंतरावर डोळे मिटून, एकमेकांचे ऐकत, एका लयीत टाळ्या वाजवा. मग ३४ मीटर अंतरावर जाऊन तेच करा. आता प्रत्येकाला दुसऱ्याची टाळी ०.१ सेकंद उशिरा ऐकू येते. लय हळू होते का? लेझीमच्या वेळी हलगीपासून १७ मीटरवरच्या रांगेला ठेका किती उशिरा ऐकू येत असेल?

३. पायपेटी आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड यांवर एकच ओळ वाजवा. आधी डोळे मिटून दुसऱ्याचे ऐका, मग स्वतः वाजवा. कानाला जाणवलेले फरक आणि हाताला जाणवलेले फरक वहीत दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. एका रकान्यातली कोणती नोंद दुसऱ्या रकान्यात नाही, ते शोधा.